खोक्यावरचं नाव आणि आतला साचा

प्रश्न: मी साताऱ्यात सदरबझारला राहतो, शाळेत शिक्षक आहे. वडील रणगाडा दलातून निवृत्त झाले, त्यांनी टी-५५ चालवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं एका लढाऊ विमानाचं प्लॅस्टिक किट ऑनलाइन मागवलं. पंख आणि धड यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट राहिली, डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) पाण्यात टाकताच तुकडे झाले आणि कॅनॉपीवर, म्हणजे वैमानिकावरच्या काचेवर, फेविक्विकचा पांढरा धूर बसला. आता वडिलांसाठी टी-५५ आणि माझ्यासाठी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचं नॅट विमान करायचं आहे. तामिया, एअरफिक्स, रेव्हेल, झ्वेझ्दा, ट्रंपेटर, एडुआर्ड ही नावं वाचून गोंधळलो आहे. कुणी म्हणतं डोळे झाकून तामिया घ्या, कुणी म्हणतं एवढे पैसे कशाला घालवता. एकच कंपनी धरून राहावं का? महिन्याला अडीच हजारांच्या वर जाता येणार नाही.

उत्तर: एकच कंपनी धरू नका. ‘डोळे झाकून तामिया’ हा सल्ला वाईट नाही, पण तुमच्या दोन कामांपैकी एकालाच तो लागू पडतो. टी-५५ तामियाकडे आहे, एकआसनी नॅट तामियाच्या यादीत नाही. या छंदात कंपनीच्या आधी साचा बघायचा असतो. तो कुणी कापला, कोणत्या साली कापला आणि त्यातून नेमकी कोणती आवृत्ती निघते, हे तीन प्रश्न विचारले की खोक्यावरच्या नावाचं महत्त्व आपोआप कमी होतं.

तुमच्या पहिल्या किटचं नाव इथे गाळतो, पण लक्षणांवरून निदान सोपं आहे. त्याच्या पंखांवरच्या पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा बोटाला उठावदार लागतात का ते पाहा. लागत असतील तर साचा बहुधा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा साच्याच्या धातूत रेषा कोरत, म्हणून प्लॅस्टिकवर ती वर उठून येई. प्लॅस्टिकवर रेषा खोल हवी तर साच्यात तिच्या जागी बारीक कंगोरा ठेवून बाकीचा सगळा धातू खरवडावा लागतो. ते काम पुढे यंत्रांनी सोपं केलं, म्हणून आजच्या किट्समध्ये रेषा खोल असतात. जुना साचा वापरून झिजला की त्याच्या दोन पाट्या घट्ट मिटत नाहीत. कडांना पापुद्रा येतो, खुंट्या भोकात सैल बसतात आणि पंखाच्या मुळाशी फट राहते. तुमचा हात त्यात फारसा दोषी नाही. फेविक्विकचा धूर मात्र टाळता आला असता.

साच्याचं वय खोक्यावरून कळत नाही. खोक्यावरचं साल पुष्कळदा चित्राचं किंवा छपाईचं असतं. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाका. साचा कोणत्या साली नवा निघाला, मध्ये कुणाकुणाच्या खोक्यातून विकला गेला, कधी फक्त डेकल्स बदलली, हे सगळं एका आडव्या पट्टीवर दिसतं. तुमच्या विषयातलंच उदाहरण घ्या. एअरफिक्सचं १/७२ (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) नॅट १९६४ च्या साच्यातून कित्येक दशकं विकलं गेलं, आणि २०१० नंतर त्याच कंपनीनं त्याच विमानाचा नवा साचा काढला. दोन्ही खोक्यांवर नाव तेच, बहुतेक वेळा रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरती पथकाचं तांबडं विमानही तेच. जुन्या साठ्यातून घेताना हे पाहिलं नाही तर तुमची दिवाळी पुन्हा तशीच जाईल.

उसनवारीही भरपूर चालते. रेव्हेलच्या खोक्यात कधी स्वतःचा साचा असतो, कधी हासेगावा, इटालेरी, आयसीएम किंवा झ्वेझ्दाचा. खुद्द तामियानं १/७२ मध्ये इटालेरीचं प्लॅस्टिक आपल्या खोक्यात घालून विकलं आहे. एडुआर्डच्या मर्यादित आवृत्त्यांत अकॅडमी किंवा हासेगावाच्या फ्रेम्स (सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) निघतात. यात फसवणूक नाही, आतलं प्लॅस्टिक कधी कधी मूळ खोक्यापेक्षा स्वस्तात मिळतं. फक्त काय घेतोय ते माहीत असावं.

आता कंपन्या. तामिया जपानमधल्या शिझुओकाची. १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली आणि १९६० पासून प्लॅस्टिककडे वळली. १/३५ हे रणगाड्यांचं प्रमाण तिनंच रूढ केलं, आणि ते ठरलं कसं तर पँथर रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. तामियाचं मोल जुळणीत आहे. भाग कापा, चिकटवण्याआधी कोरडे जोडून पाहा, दहापैकी नऊ सांध्यांना पुट्टी लागत नाही. सूचनापत्रकात क्रम असा असतो की पुढच्या पायरीत हात अडकत नाही. पण तामियाचेही १९७० च्या दशकातले रणगाडे अजून विकले जातात. त्यांची जुळणी आजही ठीक असते, पण तपशील पातळ आणि मापं कधी कधी मोटरच्या सोयीची. तामिया घ्यायचं तर गेल्या पंचवीसएक वर्षांतल्या साच्याचं घ्या.

हासेगावाही शिझुओकाचीच. विमानांच्या रेषा फार नाजूक असतात, पण १/४८ आणि १/७२ च्या बऱ्याच जेट किट्समध्ये बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं नसतात, त्यांचे संच वेगळे विकत घ्यावे लागतात. जुन्या खोक्यांतल्या डेकल्सचा पांढरा रंग सायीसारखा पिवळट असतो. वायुसेनेच्या तिरंगी चक्राला तो चालणार नाही.

एअरफिक्स ब्रिटिश, १९३९ ची, २००६ पासून हॉर्नबीच्या ताब्यात. मधली काही वर्षं तिचं उत्पादन भारतातही झालं आणि त्या खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असे. नवे साचे चांगले आहेत, किंमत तामियापेक्षा सहसा कमी, आणि इतर कुणी हात न लावणारी ब्रिटिश विमानं इथे मिळतात. भारतीय वायुसेनेची १९७१ पर्यंतची बरीच विमानं ब्रिटिश वंशाची असल्यानं आपल्याला ही कंपनी जवळची आहे. हंटर आणि कॅनबेरा तिच्या यादीत सापडतील. दोष दोन. रेषा प्रमाणाच्या मानानं रुंद असतात, रंगाचे दोन हात दिल्यावर त्या बऱ्या दिसतात. आणि प्लॅस्टिक मऊ असतं, त्यामुळे अँटेना, दारांचे बिजागर असे बारीक भाग फ्रेमवरून कापतानाच मोडतात. तिथे निपरनं भागालगत न कापता आधी फ्रेमचाच तुकडा दूरवरून कापा आणि उरलेला दांडा ब्लेडनं टेबलावर ठेवून छाटा.

रेव्हेलबद्दल एवढंच की कंपनी म्हणून मत देता येत नाही, किट पाहूनच द्यावं लागतं. भारतात ती सहज मिळते म्हणून नवखे तिच्याकडे वळतात आणि नशिबानं चांगलं किंवा वाईट किट हाती येतं.

एडुआर्ड चेक. तिचं १/४८ मिग-२१ हे २०११ पासून भारतीय छंदिष्टांचं आवडतं आहे. तिथे खोक्याचा प्रकार वाचायला शिका. ‘प्रोफिपॅक’मध्ये रंगवलेले पातळ धातूचे भाग आणि कॅनॉपीची कापलेली मास्किंग (काचेला रंग लागू नये म्हणून लावायची टेप) असते, ‘वीकएंड’मध्ये प्लॅस्टिक तेच पण धातू नाही. पहिल्यांदा वीकएंड घ्या. धातूचा भाग वाकवून बसवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते फेविक्विकनंच चिकटतात, प्लॅस्टिकच्या सिमेंटनं नाही. मिगच्या बाबतीत आवृत्तीचा घोळ सगळ्यात मोठा. पुढची लांब नळी पाहा. एफ-१३ मध्ये ती हवेच्या तोंडाखाली, एफएल आणि पीएफएममध्ये वर मधोमध, एमएफ आणि बिसमध्ये वरच पण उजवीकडे सरकलेली. १९७१ च्या लढाईतलं एफएल हवं असेल तर एडुआर्डच्या पीएफ आवृत्तीपासून सुरुवात करावी लागेल. बिसचं किट घेऊन एफएल होत नाही, कारण पाठीचा उंचवटाच वेगळा आहे.

झ्वेझ्दा मॉस्कोजवळच्या लोब्न्याची. सोव्हिएत आणि रशियन वंशाच्या सामग्रीला उत्तम, आणि सुखोई-३० एमकेआय हवं असणाऱ्यांसाठी तिचं १/७२ सुखोई-३० एसएम सर्वांत जवळचं, कारण एसएम ही एमकेआयवरूनच निघाली. ट्रंपेटर आणि तिची बहीण हॉबीबॉस चिनी. त्यांची यादी अफाट आहे आणि १९७१ मध्ये गरीबपूरला लढलेला पीटी-७६ रणगाडा १/३५ मध्ये ट्रंपेटरकडे मिळतो. जुळणी चांगली, आकाराबाबत मात्र काही विमानांत चूक असते, म्हणून प्रत्येक वेळी परीक्षणं वाचा. युक्रेनच्या मिनिआर्टचा उल्लेख तुमच्या यादीत नाही, पण टी-५५ म्हटलं की तो करावाच लागतो.

म्हणजे आता तुमच्या दोन कामांकडे येऊ. आधी रणगाडा करा, नॅट नंतर. रणगाड्याला काच नसते, चकचकीत पृष्ठभाग नसतो, आणि सांध्यात राहिलेली बारीक चूक चिखल आणि धुळीच्या रंगाखाली जाते. विमानात तीच चूक उजेडात पहिल्यांदा दिसते.

टी-५५ साठी तामियाचं १/३५ टी-५५ए घ्या. साचा २००२ चा आहे. मिनिआर्टचे टी-५५ तपशिलात त्याच्या पुढे आहेत, अंतर्भाग असलेल्या त्यांच्या किट्समध्ये भागांची संख्या हजारावर जाते आणि प्रत्येक पट्ट्याच्या नव्वदच्या आसपास कड्या सुट्या जोडायच्या असतात. तो रणगाडा दुसरा किंवा तिसरा म्हणून करा. तामियात पट्टा एकसंध लवचीक असतो. टी-५५ ला वरचे आधाररोलर नाहीत, पट्टा पाच मोठ्या चाकांच्या माथ्यावर टेकून मध्ये झुलतो. लवचीक पट्टा तसा झुलत नाही, ताणून सरळ राहतो आणि रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. उपाय असा. चाकं आणि पट्टे रंगवून झाल्यावर पट्टा चढवा, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चाकाच्या माथ्यावर टोकदार काडीनं फेविक्विकचा एकेक थेंब लावा, आणि वरच्या मडगार्डखाली स्पंजचे तुकडे कोंबून पट्टा रात्रभर खाली दाबून ठेवा. सकाळी स्पंज काढा. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधली मोठी फट ही टी-५४ आणि टी-५५ ची ओळख आहे, ती पाहून ‘चाक चुकीचं बसलं’ असं वाटू देऊ नका.

किट मागवण्याआधी वडिलांना दोन गोष्टी विचारा. त्यांच्या रणगाड्याची तोफ १०० एमएमची होती की १०५ची? १०० एमएमच्या तोफेचा धूर ओढून घेणारा फुगवटा नळीच्या अगदी टोकाला असतो, नंतर बसवलेल्या १०५ एमएमच्या तोफेत तो नळीच्या मध्याकडे असतो. किटमध्ये १०० एमएमची नळी येते. वडिलांची १०५ची असेल तर वळवलेली ॲल्युमिनियमची एल-७ नळी सुटी मिळते, ती वेगळी घ्यावी लागेल. दुसरं, बुरुजाच्या झडपांभोवती जाड उंच कडा होती का? ती टी-५५ए ची खूण आहे, साध्या टी-५५ ला ती नसते. जमलं तर दोघं मिळून अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाला जाऊन या. ते १९९४ पासून सुरू आहे. वडील तिथे जे बोटानं दाखवतील ते कोणत्याही परीक्षणात मिळणार नाही. फोटोची परवानगी मात्र दारावरच विचारा.

नॅटचा मामला किचकट आहे. एअरफिक्सच्या वर सांगितलेल्या नॅटमध्ये, जुन्या असो की नव्या, टी-१ ही दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती आहे. तिचा पंख मोठा, नाक लांब. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सेखों ज्यात उडाले ते १८ स्क्वाड्रनचं एकआसनी नॅट होतं. टी-१ ची कॅनॉपी कापून एकआसनी करायच्या फंदात पडू नका. चेक कंपनी स्पेशल हॉबीनं १/७२ मध्ये एकआसनी नॅट काढलं आहे आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं अजितही. नावात ‘इंडियन’ दिसलं म्हणून अजितचं खोकं उचलू नका. अजित पुढच्या काळातलं आहे, पंखाखाली चार टांगण्या असतात, नॅटला दोन. पंखविस्तार ६.७३ मीटरचा, म्हणजे १/७२ मध्ये मॉडेल जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरचं होईल. लहान आहे म्हणून सोपं समजू नका.

स्पेशल हॉबीसारख्या छोट्या कंपन्यांच्या बऱ्याच किट्समध्ये पंख जोडायला खुंट्या नसतात किंवा नावाला असतात, भाग फ्रेमला जाड दांड्यांनी जोडलेले असतात. पंख धडाला नुसता टेकवून चिकटवायचा असतो, आणि तो सांधा नंतर हात लागला की तुटतो. पंखाच्या मुळात आणि धडात समोरासमोर ०.५ एमएमची दोन भोकं पाडून पितळी तारेचे तुकडे खोचा, मग सिमेंट लावा. पंखाची मागची कड आतून घासून पातळ करा, नाही तर सुरीऐवजी फळीसारखी दिसते. नॅट पुढच्या चाकावर उभं राहतं, त्यामुळे नाकात वजन लागतं. गळाच्या सामानाच्या दुकानातले शिशाचे मणी घ्या आणि ॲराल्डाइटमध्ये रुतवा. फेविकॉलमध्ये शिसं ठेवलं तर काही वर्षांत त्याची पांढरी पूड होऊन फुगते आणि धड उकलतं. वजन पुरेसं आहे का ते धडाचे दोन भाग टेपनं बांधून, मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवून पाहा. नाक खाली गेलं पाहिजे.

रणगाडा आणि नॅट यांच्या मध्ये एअरफिक्सचं एखादं नव्या साच्याचं १/७२ स्पिटफायर विमान करा. त्यावर कॅनॉपी, सांधा आणि डेकल्स यांचा हात बसेल, आणि बिघडलं तरी फार जाणार नाही.

प्रमाण १/७२ की १/४८ हे शेल्फ पाहून ठरवा. सहा फुटी माणूस १/७२ मध्ये एक इंचाचा होतो. मिग-२१ चा पंखविस्तार १/७२ मध्ये दहा सेंटिमीटर, १/४८ मध्ये पंधरा. कॅनबेरा मात्र १/४८ मध्ये चाळीस सेंटिमीटरवर जातं, घरातल्या कोणत्याही काचेच्या कपाटात ते मावत नाही. टी-५५ तोफेसह १/३५ मध्ये सव्वीस सेंटिमीटर, १/७२ मध्ये साडेबारा. रणगाडे एका प्रमाणात आणि विमानं दुसऱ्या, पण आपापल्या गटात प्रमाण बदलू नका, म्हणजे शेजारी ठेवल्यावर आकार खरे वाटतात.

पैशांचं. पहिल्या महिन्यात किट मागवूच नका, अडीच हजार अवजारांत घाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला सपाट तोंडाचा निपर, सर्जिकल दुकानातलं ३ नंबरचं हँडल आणि त्यात बसणारी ११ नंबरची ब्लेडं, गाड्यांच्या रंगाच्या दुकानातले ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरचे पाण्यात चालणारे पॉलिश पेपर, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातला नखं घासायचा बफर, बारीक चिमटा, सिंथेटिक ब्रश ० आणि २ नंबरचे. हे पोवई नाका ते राजवाडा एवढ्या टप्प्यात मिळून जाईल. सिमेंट मात्र छंदाच्या दुकानातलंच घ्या. तामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन, ४० मिलीची बाटली, कित्येक किट्सना पुरते. दोन भाग जुळवून धरायचे, झाकणाच्या ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं, सिमेंट फटीत आपोआप धावतं. अर्ध्या मिनिटानं हलकं दाबा, वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी वर येईल. चोवीस तासांनी तो घासा, सांधा गायब. फेविक्विक असं करत नाही, ते प्लॅस्टिक वितळवत नाही, वर कठीण थर करतं आणि घासताना आजूबाजूचं प्लॅस्टिक आधी झिजतं. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर सिमेंट म्हणून वापरा असंही कुणी सांगेल. नका वापरू, पातळ भाग अक्षरशः विरघळतात. आणि सिमेंट कुठलंही असो, खिडकी उघडी ठेवा.

परदेशातून स्वतः मागवायचा मोह होईल, कारण तिथली छापील किंमत कमी दिसते. मॉडेल किट्स आयातीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, आणि त्यावरची मूळ ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेली. त्यावर टपालखर्च. शिवाय ज्वलनशील म्हणून सिमेंट आणि लॅकर रंग हवाई टपालानं येत नाहीत. देशातल्या विक्रेत्याची किंमत डोळ्यांत खुपली तरी ती घरपोच किंमत आहे, तुलना घरपोच किमतीशीच करा. दुर्मीळ विषयाचं किट, उदाहरणार्थ हे नॅट, तेवढं बाहेरून मागवायला हरकत नाही.

कंपनी निवडताना रंगाचाही विचार करा, बहुतेकांना तो नंतर सुचतो. सूचनापत्रकात रंगांचे क्रमांक ज्या त्या कंपनीच्या सोयीचे असतात. तामिया स्वतःचे देते, एअरफिक्स हंब्रॉलचे, रेव्हेल स्वतःचे, एडुआर्ड आणि हासेगावा जीएसआय क्रिऑसचे. तुम्हाला जो रंग नियमित मिळतो तो एकच धरा आणि बाकीचे तक्त्यावरून जुळवा. तामियाचा ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पातळ होतो. तेच अल्कोहोल व्हॅलेहो कंपनीच्या रंगात घातलं तर रंग दह्यासारखा फुटतो. हंब्रॉलच्या इनॅमलला हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. कारचा स्प्रे-प्रायमर स्वस्त पडतो, पण काही डब्यांतला थिनर पॉलिस्टायरीनला भेगा पाडतो. आधी रिकाम्या फ्रेमवर मारून एक दिवस थांबा.

साताऱ्याच्या पावसात, आषाढ-श्रावणात, स्प्रे करू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी साय येते. ते महिने कापणं, चिकटवणं, घासणं यात घालवा, स्प्रे दसऱ्यानंतर. एप्रिल-मेमध्ये उलट अडचण, ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतो. तेव्हा रंग उशिरा वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घाला किंवा पहाटे रंगवा.

ते बिघडलेलं विमान फेकू नका, सरावाला त्याच्यासारखं काही नाही. एक मिलिमीटरची फट पुट्टीनं भरू नका, वाळल्यावर ती आकसते आणि रेघ परत दिसते. रिकाम्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता फिरवा, मऊ झाला की दोन्ही टोकं ओढा, प्लॅस्टिकची तार होते. ती फटीत बसवून सिमेंट लावा, दुसऱ्या दिवशी घासा. कॅनॉपीवरचा धूर १५०० आणि २००० नंबरच्या पेपरनं पाणी लावून घासा, मग साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं कापसावर गोल गोल चोळा. पुढच्या वेळी कॅनॉपी फेविकॉलनंच चिकटवा, तो वाळून पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही.

डेकल्सचे तुकडे झाले कारण वरचा लॅकरचा पापुद्रा जुना होऊन तडकला होता. पुढचं खोकं उघडल्यावर नको असलेलं एक डेकल कापून आधी पाण्यात टाकून बघा. तडकलं तर उरलेल्या पानावर ग्लॉस क्लिअरचा पातळ हात देऊन एक दिवस वाळवा, मग प्रत्येक चिन्ह कडेलगत कापा. पिवळं पडलेलं पान पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा, आठवड्याभरात पांढरं उजळतं. नळाच्या पाण्यानं डेकलच्या कडेला क्षाराचे डाग राहतात, गॅरेजमधलं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. वायुसेनेच्या चक्रात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. छपाईत तिन्ही वर्तुळं एकमेकांवर सरकलेली नाहीत ना आणि केशरी लालसर नाही ना, हे भिंगातून पाहा. तसं असेल तर भारतीय चिन्हांचं सुटं डेकल पान वेगळं मागवावं लागेल.

आणि कुठल्याही कंपनीचं किट आलं की त्याच दिवशी, कुरिअरच्या खोक्याचे फोटो काढून, पिशव्या न फाडता आतल्या फ्रेम्स सूचनापत्रकातल्या भागांच्या नकाशाशी ताडून बघा. काचेच्या भागांची फ्रेम सगळ्यात आधी, ती प्रवासात पहिल्यांदा तडकते. विक्रेत्याकडे बदली मागायची मुदत थोडी असते, आणि फ्रेमवरून एक भाग जरी कापला तरी बहुतेक विक्रेते किट परत घेत नाहीत.